गुलाबी साडीचा सातबारा

ऑफिसच्या ॲन्युअल डेला शेवटच्या अर्ध्या तासात डीजे काय लावतो, जरा आठवून बघा. आधी पंजाबी होतं. मग एखादा सिनियर मॅनेजर 'जरा रेट्रो लाव ना' म्हणतो, त्याच्या मानाखातर दोन जुनी गाणी होतात. आणि मग मागून आरोळी येते, 'मराठी लाव की बॉस!' २०१६ पासून या आरोळीचं उत्तर ठरलेलं होतं, 'झिंगाट'. २०२४ मध्ये त्याला जोडीदार मिळाला, 'गुलाबी साडी'. टाय सैल होतात, एचआरच्या मॅडम हिल्स काढून कोपऱ्यात ठेवतात आणि बंगळुरूहून आलेला टेस्टिंगवाला, ज्याला एरवी 'भैया, चहा' एवढंच मराठी येतं, तो सगळे शब्द बरोब्बर म्हणतो. फुल टू कल्ला!

मीही या गाण्यावर जाम नाचलेय. पण मला त्याच्याबद्दल पडलेला प्रश्न जरा गावाकडचा आहे. हे गाणं आहे कोणाच्या नावावर?

त्याचं काय आहे, मी मिरजगावची. नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं गाव. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यातलं, त्यामुळे कौतुक आहेच. पण तोंडात अजून 'नगर'च बसलंय. आमच्याकडे पाऊस कमी आणि बांधावरची भांडणं भरपूर. कोणाच्याही शेतात ऊस डोलताना दिसला की पुण्याचा पाहुणा म्हणतो, 'वा, काय हिरवंगार!' आमचे अण्णा मात्र विचारतात, 'सातबारा कोणाच्या नावावर?'

ज्यांचा सातबाऱ्याशी संबंध फक्त होमलोनच्या वेळी येतो, त्यांच्यासाठी थोडक्यात. सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. गाव नमुना सात सांगतो, जमीन कोणाची. नमुना बारा सांगतो, त्यात पीक कोणतं. गाण्याच्या बाबतीत आपण सगळे बारा नंबरवरच बोलत असतो. किती व्ह्यूज, किती रील्स, कोणत्या हिरोईननं त्यावर डान्स केला. पीक जोरात आहे ना, बस्स! सात नंबर कोणी उघडतच नाही. मला तो उघडायचाय.

पत्र्याच्या पेटीतला आवाज

मी शाळेत जायला लागले तेव्हा घरात कॅसेटचा जमाना संपत आला होता, पण अण्णांची पत्र्याची पेटी शाबूत होती. त्यात प्रल्हाद शिंदे होते, आनंद आणि मिलिंद शिंदे होते, तमाशातल्या वगाच्या कॅसेटी होत्या. आनंद शिंदेंच्या 'नवीन पोपट हा'नं १९८० च्या दशकात महाराष्ट्रभर धुमाकूळ घातला होता. तो काळ आम्ही पाहिला नाही, पण त्या कॅसेटची रीळ पेन्सिलीनं गुंडाळायचं काम आमच्या पिढीकडेही आलं होतं.

या कॅसेटींनी एक मोठं काम केलं. रेडिओवर जागा नसलेले आणि सिनेमात न दिसणारे आवाज एसटी स्टँडवर, टपरीवर आणि ट्रकच्या केबिनमध्ये पोचले. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि लोकगीत, भीमगीत, भक्तिगीत गाणाऱ्यांना पहिल्यांदाच स्वतःचं असं मार्केट मिळालं. पण सात नंबर? त्या काळची सर्रास पद्धत म्हणजे गायकाला रेकॉर्डिंगचे एकदाच पैसे. पुढे कॅसेट हजार खपो की लाख, पीक कंपनीचं. कव्हरवर गायकाचा फोटो मोठा असायचा, जमीन मात्र त्याची नसायची.

शहराच्या बाजूला तेव्हा वेगळंच काही शिजत होतं. १९९८ मध्ये मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला आणि पावसाळ्यात बाईकवरून लोणावळ्याला जाणाऱ्यांना त्यांचं राष्ट्रगीत मिळालं. २००२ मध्ये अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचं 'ऐका दाजिबा' आलं. मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण यांचा तो व्हिडिओ, म्युझिक चॅनेलवर हिंदी गाण्यांच्या गर्दीत मराठी ठेका... सॉलिड प्रकार होता तो! सिनेमा नाही, नाटक नाही, तरी मराठी पॉप. पण त्या पॉपलाही कंपनी लागायची, सीडी छापावी लागायची, महागडा व्हिडिओ लागायचा आणि तो दाखवायला चॅनेल राजी व्हावं लागायचं. एवढ्या चार दारांवर थाप मारायची ऐपत धानवड किंवा मिरजगावच्या पोरात कुठून येणार?

दहा रुपयांत शंभर गाणी

मग आलं मेमरी कार्ड. मी आठवी-नववीत असेन. आमच्या स्टँडजवळच्या मोबाईल शॉपीवर पाटी लागली, 'गाणी भरून मिळतील'. कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये द्यायचे, काउंटरवरचा पोरगा कॉम्प्युटरवर फोल्डर उचलून टाकायचा. हळदी स्पेशल, वरात स्पेशल, गणपती स्पेशल. तुम्ही माझ्या वयाचे असाल आणि गावाकडचे असाल, तर तुमचंही संगीतशिक्षण याच विद्यापीठात झालेलं असणार.

त्या फाइलींची नावं आठवतात? 'न्यू डीजे मिक्स फायनल टू'. गायकाचं नाव नाही, गीतकाराचं तर सोडाच. उलट गाण्याच्या मधोमध एक जाडा आवाज घुमायचा आणि ज्या डीजेनं ठोका वाढवला त्याचं नाव पुकारायचा. मूळ मालकाचं नाव खोडून भलत्याचीच फेरफार नोंद! कॅसेटच्या काळात गायकाला निदान एकदा तरी पैसे मिळत होते. इथे दहा रुपये गेले मोबाईल शॉपीवाल्याला आणि गाणारा कोण, हे वरातीत नाचणाऱ्या दोनशे लोकांपैकी कोणालाच ठाऊक नाही.

२०१६ साल मात्र दोन कारणांनी लक्षात राहील. एप्रिलमध्ये 'सैराट' आला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. सोलापूरच्या दिशेनं आमच्याच रस्त्यानं पुढे गेलं की करमाळा, त्यामुळे तो सिनेमा आम्हाला पडद्यावर नाही, खिडकीतून बघितल्यासारखा वाटला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतातला सिम्फनीचा भाग थेट हॉलिवूडमध्ये ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केला होता. 'झिंगाट' हा आमच्या वरातीचाच आवाज होता, फक्त त्याच्यामागे सिनेमाची पूर्ण ताकद उभी होती.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं. डेटा इतका स्वस्त झाला की मेमरी कार्ड भरून देणाऱ्या पोरानं काउंटरवर मोबाईल कव्हर विकायला सुरुवात केली. आता गाणं थेट यूट्यूबवरून ऐकलं जायला लागलं आणि तिथे व्हिडिओच्या खाली एक जागा असते. नाव लिहायची जागा.

तांड्यावरचे दोन भाऊ

संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या धानवड तांड्याचा. 'गुलाबी साडी'खालची नावं वाचा. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा. संगीताची निर्मिती जी-स्पार्कची. हा जी-स्पार्क म्हणजे कोणी फॉरिनचा डीजे नाही, त्याचा भाऊ गौरव राठोड. एका घरातली दोन पोरं. व्हिडिओत प्राजक्ता घाग. बस्स, गाण्याचं कुटुंब संपलं!

यूट्यूबवर दहा कोटींच्या कितीतरी पुढे गेलेलं, माधुरी दीक्षितनं रील केलेलं गाणं असं घरच्या घरी शिवलेलं आहे. लोकांना वाटलं, पोरगं एका रात्रीत आलं. तसं काही नसतं हो. खान्देशात अहिराणी गाण्यांची स्वतःची यूट्यूब दुनिया कधीपासून चालू आहे. 'हाई झुमकावाली पोर' तुमच्या पुण्यातल्या मित्राच्या संगीतालाही वाजलं असेल. संजूचीही आधीची गाणी होतीच. गणपतीतलं 'बाप्पावालं गाणं' होतं, 'नऊवारी' होतं. 'गुलाबी साडी'नंतर 'काळी बिंदी' आलं आणि एप्रिल २०२५ मध्ये ईशा मालवीयला घेऊन केलेलं 'शेकी'. स्वतःच्या या प्रकाराला तो एम-पॉप म्हणतो. कोरियाचं के-पॉप, तर आपलं एम-पॉप. नाव जरा फिल्मी आहे, पण हक्कानं घेतलेलं आहे.

ही गाणी ओळीनं ऐकली की एक गंमत कळते. नऊवारी, गुलाबी साडी, काळी बिंदी... प्रत्येक गाण्याच्या नावात अंगावर मिरवायची एकेक वस्तू आहे. जणू एकाच मुलीचं हळूहळू नटणं चाललंय. अण्णांच्या कॅसेटीत ए साइड आणि बी साइड मिळून आठ-दहा गाणी असायची, त्यात दोन चालायची आणि बाकीची त्यांच्या पदराला धरून यायची. आता प्रत्येक गाणं एकटं बाजारात उभं राहतं. त्याला स्वतःचं नाव, स्वतःचा व्हिडिओ आणि पहिल्या काही सेकंदांत पकडणारी ओळ लागते, कारण जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामचं रील्स भारतात आल्यापासून गाणं आधी तुकड्यानं पोचतं आणि पूर्ण मागाहून.

आणि 'गुलाबी साडी'ची आणखी एक गोष्ट. त्यात मुलगी बोलते. मी कशी दिसतेय बघ, माझा फोटो काढ, असा तिचा लाडिक हट्ट आहे. पण गातोय संजू, पुरुषाच्या आवाजात. बंगळुरूच्या टेस्टिंगवाल्याला ते मॉडर्न वाटतं. आपल्याकडे मात्र राम जोशी, होनाजी बाळा यांच्यासारख्या शाहिरांनी पेशवाईत बाईच्या तोंडच्या लावण्या लिहिल्या आणि तमाशात ती रीत पुढे चालत राहिली. खाली ठेका माझ्या कानाला लॅटिन क्लबातला वाटतो, वर बसलेली मुलगी मात्र पक्की इथली. गावठी आणि ग्लोबल यांच्यात भांडण लावून देणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

'गावठी' हा शब्द मी खूप ऐकलाय. पुण्यात मास कॉमला असताना कँटीनमध्ये माझ्या फोनची रिंगटोन वाजली की टेबलावर हशा पिकायचा. ती रिंगटोन मी तीन वर्षं बदलली नाही. पुढे एका संपादकांना (नाव जाऊ दे!) मी अहिराणी गाण्यांवर लेख सुचवला, तर म्हणाले, 'आपला वाचक त्या क्लासचा नाही.' त्यानंतर वर्षभरात त्यांच्याच ऑफिसच्या पार्टीचे व्हिडिओ मी पाहिले. गाणं कोणतं होतं, सांगायला हवं का?

नमुना सात

तर उघडूया सात नंबर. वकिली भाषा टाळते, पण थोडं लक्ष द्या, कारण इथेच खरी मेख आहे.

एका गाण्यात निदान दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची. रेकॉर्डिंगचा मालक मात्र कायद्यानं तो, ज्यानं ते करून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली. म्हणजे कॅसेट कंपनी, सिनेमाचा निर्माता किंवा तुम्ही स्वतः, जर स्टुडिओचं भाडं तुमच्या खिशातून गेलं असेल तर. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. २०२४ मध्ये आलेल्या गाण्याचा हक्क २०८४ संपेपर्यंत! तोवर 'गुलाबी साडी'वर नाचणारे आपण काठी टेकत असू.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात एक मोठी दुरुस्ती झाली. त्याआधी गीतकार-संगीतकार एका सहीत सगळं देऊन मोकळे व्हायचे. आता त्यांनी हक्क विकला, तरी गाणं पुढे जिथे जिथे वापरलं जाईल तिथल्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा त्यांना विकता येत नाही आणि सोडताही येत नाही. ही रॉयल्टी गोळा करायचं काम आयपीआरएस ही संस्था करते. मात्र त्यासाठी सभासद व्हावं लागतं, गाण्यांची नोंद करावी लागते. आणि गावाकडे हे सांगायला कोणी येत नाही.

आता संजूचं गाणं परत बघा. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच, वाजवणारा सख्खा भाऊ. सिनेमा नाही, त्यामुळे सिनेमाचा निर्माता नाही. अर्थात 'इंडिपेंडंट' म्हणजे एकट्यानं सगळं केलं असं नसतं. गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, इन्स्टाग्रामवर चढवायला, त्याचे पैसे गोळा करायला वितरक लागतो. संजूच्या गाण्यांबरोबर पॅरिसच्या बिलीव्ह कंपनीचं नाव दिसतं. त्याच २०२४ मध्ये क्रेटेक्स या मराठी डीजेनं श्रेयस सागवेकरबरोबर 'तांबडी चामडी' केलं, हाउस म्युझिकच्या ठेक्यावर ठसकेबाज मराठी. ते आणलं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं. मोठी नावं येणारच. प्रश्न एवढाच की ती नावं मालकाच्या रकान्यात बसतात की 'इतर हक्क'च्या. वितरकाशी चांगला करार म्हणजे आमच्याकडची अर्धल. जमीन तुमची, मेहनत तुमची, बी-बियाण्याला दुसऱ्याचा हात, पीक वाटून. वाईट करार म्हणजे खरेदीखत.

अकरा पानं आणि तीस हजार रुपये

हे सगळं मला एवढं पाठ असण्याचं कारण आमचा धाकटा. म्हणजे माझा चुलतभाऊ, मिरजगावलाच असतो. टेम्पोवर डीजेचा सेटअप आहे, लग्नसराईत तालुकाभर फिरतो. सेटअप बँकेच्या कर्जावर. लग्नाची तिथी नसलेल्या महिन्यात हप्ता काढताना त्याची दमछाक होते. उरलेल्या वेळात जुन्या लॅपटॉपवर गाणी बनवतो. गेल्या वर्षी त्यानं एक हळदीचं गाणं केलं आणि ते आसपासच्या तीन-चार तालुक्यांत बऱ्यापैकी चाललं. मग शहरातल्या एका म्युझिक कंपनीचा फोन आला. तीस हजार रुपये, गाणं आम्हाला द्या.

रात्री साडेअकराला त्याचा मला फोन. 'ताई, इंग्लिशमध्ये अकरा पानं आहेत. उद्या सही करायची म्हणतेत. वाच ना जरा.'

वाचलं. मी फ्रीलान्सर, असली कागदपत्रं मलाही नवी नाहीत. लेखाचे पैसे चार महिन्यांनी देणाऱ्यांचेही करार बारा पानांचे असतात! पण हा भन्नाट होता. गाण्याचे सगळे हक्क कायमचे, आज असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सगळ्या माध्यमांत, आणि कुठे कुठे? 'संपूर्ण विश्वात.' खरंच तसं लिहिलं होतं. असं कलम या धंद्यात सर्रास असतं. म्हणजे उद्या मंगळावर हळद लागली आणि तिथे मिरजगावचं गाणं वाजलं, तरी पैसे कंपनीला. आम्ही दोघं फोनवर खूप हसलो.

मग आठव्या पानावरचं कलम मी त्याला मराठीत सांगितलं आणि हसू थांबलं. पुढची तीन वर्षं तो जे काही गाणं करेल, ते आधी या कंपनीला दाखवायचं आणि तिनं हवं म्हटलं तर याच भावात द्यायचं.

'पण ताई, तीस हजार म्हणजे माझे तीन हप्ते आहेत.'

इथे मला भाषण ठोकता आलं असतं. स्वाभिमान, कला, हक्क वगैरे. पण पुण्यात वन रूम किचनमध्ये बसून दुसऱ्याच्या हप्त्यावर भाषण देणं सोपं असतं. त्यामुळे आम्ही हिशेब केला. हे गाणं त्यानं स्वतः वितरकामार्फत चढवलं तर काय येईल, किती महिन्यांनी येईल, आणि तोवर हप्ते कोण भरणार? त्याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. शेवटी त्यानं गाणं विकायचं ठरवलं. मात्र आठव्या पानावरचं कलम काढल्याशिवाय सही नाही आणि गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नाव सगळीकडे आलंच पाहिजे, असं त्यानं कंपनीला कळवलं. दोन दिवस तिकडून काहीच नाही. ते दोन दिवस घरात कोणी त्याच्याशी नीट बोललं नाही, कारण तीस हजारांवर पाणी सोडणारा पोरगा आमच्याकडे शहाणा समजला जात नाही. तिसऱ्या दिवशी कलम खोडून नवा कागद आला.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, 'म्हणजे तुकडा विकला, वावर राखलं.' आमच्या दुष्काळी भागात प्रत्येक घरानं हे कधी ना कधी केलेलं आहे. त्यात लाज नाही. लाज वाटते ती न वाचता अंगठा दिल्याची.

आता तुमचं बघा

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे गाणी करतो? आम्ही कोड लिहितो, डिझाइन करतो, एक्सेलमध्ये जीव काढतो. मग एक काम करा. ड्रॉवरमधून तुमचं ऑफर लेटर काढा. नोकरीचा भाग म्हणून तुम्ही जे तयार करता त्याचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, आपल्या कायद्यानं मालकाचा. त्यात काही गैर नाही, पगार त्याचाच आहे. पण कित्येक करारांत त्यापुढेही एक ओळ असते, नोकरीच्या काळात तुम्ही जे काही बनवाल ते, असं काहीतरी. शनिवार-रविवारी बनवलेलं ॲप, हौसेनं काढलेले फोटो, पॉडकास्ट... आठवं पान प्रत्येकाच्या करारात असतं. कोणाचं तिसऱ्या पानावर असतं, एवढाच फरक.

आणि दुसरं काम त्याहून सोपं. पुढच्या वेळी एखादं गाणं आवडलं की त्याच्या खालची नावं उघडा. पाच सेकंद लागतात. लिहिलं कोणी, वाजवलं कोणी, रेकॉर्डिंग कोणाचं. आपल्या भाषेतली नाचायची गाणी पन्नास वर्षांत कॅसेटीतून कार्डात आणि कार्डातून फोनमध्ये आली. या प्रवासात बनवणाऱ्याचं नाव दिसेल अशी जागा आत्ता कुठे सगळ्यांच्या हाताशी आलीय. ती न वाचता स्क्रोल करणं म्हणजे पुन्हा 'न्यू डीजे मिक्स फायनल टू'.

धाकट्याचं नवं गाणं तयार आहे. या वेळी वितरकामार्फत, स्वतःच्या नावावर. परवा फॉर्म भरताना त्याचा फोन आला. गायक झाला, गीतकार झाला, संगीतकार झाला. सगळीकडे त्याचंच नाव, त्यामुळे गडी खूश. मी विचारलं, 'आणि ती सुरुवातीची हलगी कोणाची? लॅपटॉपवरची नाही वाटत.'

'नाही, ती आबांची. वेशीजवळ राहतेत ते. मोबाईलवर रेकॉर्ड केली, पाचशे रुपये दिले ना त्यांना.'

'एकदाच?'

पलीकडे शांतता. कॅसेट कंपन्या नेमकं हेच करायच्या, हे मी त्याला सांगितलं नाही. गेल्या वर्षभरात तो बराच शिकलाय.

'ताई, आता त्यांना पण वाटा द्यायचा का?'

'तुझं तू ठरव. पण कायद्यानं वाजवणाऱ्यालाही हक्क असतो. निदान नाव तरी टाक.'

पुन्हा शांतता. मग म्हणाला, 'टाकतो. पण आबांचं पूर्ण नाव काय गं?'

मलाही माहीत नव्हतं. गावात सगळे त्यांना हलगीवाले आबाच म्हणतात. मी जन्मले त्याआधीपासून प्रत्येक वरातीत पुढे तेच. अण्णांना विचारलं, त्यांनाही आडनावाच्या पुढे काही सांगता येईना.

'थांब,' धाकटा म्हणाला, 'गाडी काढतो, जाऊन विचारून येतो.' आणि फॉर्म तसाच अर्धा ठेवून तो वेशीकडे गेला.